मुकी खाट

छायाकक्षात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. कारण धुळीचं सांगितलं जाई, पण डॉ. मृणाल शिरगुप्पे हिला तेवढंही पुरेसं होतं. पाहुण्याला अनवाणी उभं करणाऱ्या जागेत काहीतरी लपवलेलं असतं, असं तिचं सरळ मत होतं. राज्याच्या मृत्यू-परीक्षण विभागात इतकी वर्षं काढल्यावर माणसाचा स्वभाव असाच होतो. रुग्णालयात कोण कशाने गेलं हे शोधणं तिचं काम, आणि घरी ती दूधवाल्यालाही दोनदा विचारत असे.

समोरच्या काचेच्या भिंतीवर कृष्णेकाठच्या त्या शहरातल्या दोन मोठ्या रुग्णालयांचे सगळे रुग्ण दिसत होते. खरं तर रुग्ण नव्हे, त्यांचे छायादेह. रुग्णाच्या मनगटावरची पट्टी नाडी, श्वास, कातडीची ऊब आणि रक्तातली आम्लता सतत मोजत राही. त्यावरून यंत्र त्या माणसाची गणिती प्रतिकृती तयार करी आणि ती खऱ्या माणसाच्या अर्धा दिवस पुढे चालवी. छाया सकाळी ढासळली, तर देह संध्याकाळी ढासळणार. छाया ढासळताच वॉर्डात त्या खाटेची घंटा वाजे, आणि डॉक्टरांच्या हाती अर्धा दिवस पडे.

"सेप्सिसमध्ये अर्धा दिवस म्हणजे काय, ते तुम्हाला मी काय सांगणार," प्रा. इरण्णा होसमनी म्हणाले. छायादेहाची सगळी रचना त्यांची. बोलताना ते भिंतीकडेच बघत होते, आणि मृणालने तेही मनात टिपून ठेवलं.

सांगायची गरज नव्हतीच. जखमेतले जंतू रक्तात शिरतात, शरीर त्यांच्याशी लढायला उठतं, आणि लढता लढता स्वतःच्याच मूत्रपिंडांवर, फुप्फुसांवर हात टाकतं. हाच सेप्सिस. सुरुवात अगदी साधी असते. थोडी थंडी, थोडी धाप, थोडी असंबद्ध बडबड. घरची माणसं म्हणतात, थकलाय, झोपू द्या त्याला. तेवढ्यात औषध शिरेत गेलं तर माणूस चालत घरी जातो. नाही गेलं तर मृणालच्या विभागात त्याचं प्रकरण येतं.

"यंत्र दोन्हीकडे एकच आहे ना?" तिने विचारलं.

"एकच. पट्ट्या त्याच, घंटा तीच, गणितही तेच."

"मग थोरल्या दवाखान्यात माणसं का मरतात आणि नीलपर्णमध्ये का मरत नाहीत?"

थोरला दवाखाना म्हणजे तिथलं सरकारी रुग्णालय. गावात त्याला दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नसे. नीलपर्ण खासगी, नदीच्या पलीकडे, काचेचं. सेप्सिसने दगावणाऱ्यांचं प्रमाण थोरल्यात नीलपर्णच्या कितीतरी पट होतं. मंत्र्यांना सरकारी डॉक्टरांच्या आळसाचा संशय होता. सरकारी डॉक्टरांना वाटे, आपल्या गळ्यात नकली यंत्र मारलंय. नीलपर्णच्या लोकांना कसलाच संशय नव्हता. मृणालला या सगळ्यांचाच होता.

"ते तुम्हीच शोधायचं, मॅडम," होसमनी म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला पाठवलंय."

त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. मृणालचा थोरला भाऊ, सुकुमारदादा, त्या क्षणी थोरल्या दवाखान्यातच पडून होता.

---

दादाला मधुमेह होता आणि पायाचा अंगठा काळा पडल्यामुळे काढून टाकावा लागला होता. जन्मभर नगरपालिकेच्या शाळेत शिकवलेला माणूस. "मी पोरांना सरकारी शाळेत या म्हणायचं, आणि स्वतः काचेच्या दवाखान्यात जायचं होय?" असं म्हणून तो हट्टाने इथे दाखल झाला होता. वडील लवकर गेल्यावर मृणालच्या डॉक्टरकीपर्यंतचा खर्च त्याने शिकवण्या घेऊन केला होता. त्याच्यापुढे तिचं काही चालत नसे. फक्त त्याच्याच बाबतीत ती संशय घेत नसे, आणि म्हणूनच त्याच्या बाबतीत तिला फार भीती वाटे.

ती वॉर्डात गेली तेव्हा दादाच्या शेजारची खाट रिकामी होती.

"कोळी गेले," दादा म्हणाला. कोळी ट्रक चालवायचे. कालपर्यंत दादाशी राजकारणावर तावातावाने भांडत होते. "सकाळी एकदम धापच लागली. डॉक्टर आले, धावपळ केली, पण गेलाच बिचारा."

"घंटा कधी वाजली होती?"

"वाजलीच नाही की."

मृणालने त्याच्याकडे बघितलं, मग सिस्टरच्या टेबलाकडे. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर शबाना मुजावर तिथूनच ऐकत होत्या.

"माझ्याकडं काय बघताय, मॅडम," त्या म्हणाल्या. "न्हाईच वाजली. गेल्या महिन्यात दोघांची वाजली न्हाई. आम्ही तक्रार केली, तर वरनं उत्तर आलं, तुमचंच लक्ष नसंल."

"आणि वाजते तेव्हा? औषध किती लवकर जातं?"

मुजावर सिस्टर रागावल्या. "भारी औषधं भांडारात कुलपात. भांडारपालाची सही लागती. तो जाग्यावर नसला तर चिठ्ठी लिहून नातेवाइकाला समोरच्या दुकानात धाडायचं. नातेवाईक म्हातारा असला तर त्यो जाणार कधी, येणार कधी. आम्ही काय हौसेनं चिठ्ठ्या लिहितो व्हय?"

म्हणजे आळसाचा संशय अर्धा खरा होता, पण आळस माणसांचा नव्हता. तरीही मृणालच्या डोक्यात दुसरीच गोष्ट घोळत होती. चिठ्ठीमुळे औषधाला उशीर होतो, हे समजण्यासारखं आहे. घंटा का वाजत नाही?

तिने कोळींच्या पट्टीत साठलेल्या शेवटच्या दिवसाच्या नाडी-श्वासाच्या लहरी काढून घेतल्या. नाव, गाव, खाट, सगळं पुसून टाकलं. मग ती पूल ओलांडून नीलपर्णमध्ये गेली, परीक्षणाचा अधिकार दाखवून एक रिकामी खाट मागितली आणि कोऱ्या पट्टीतून त्या लहरी यंत्राला दिल्या. जणू एक नवा रुग्ण तिथे येऊन निजला होता.

थोड्याच वेळात घंटा वाजली. दोन नर्स धावत आल्या आणि रिकामी खाट बघून चक्रावल्या.

तीच पट्टी घेऊन ती थोरल्या दवाखान्यात परत आली. कोळींच्याच खाटेवर पट्टी ठेवली, त्याच लहरी दिल्या. छाया ढासळली असणार, संपली असणार. वॉर्डात मात्र पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

एकच मरण. नदीच्या त्या काठावर यंत्राने ते ओळखलं होतं, या काठावर ओळखूनही ते गप्प बसलं होतं. शेजारच्या खाटेवर दादा पेपर वाचत होता.

---

"तुम्ही यंत्राला गप्प बसायला शिकवलंत," ती होसमनींना म्हणाली. या वेळी तिने चपला काढल्या नव्हत्या.

होसमनींनी तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. मग यंत्राच्या आतल्या गणितात शिरून बराच वेळ काहीबाही तपासत बसले. वर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. तो खरोखर उतरला होता की त्यांनी उतरवला होता, हे मृणालला ठरवता येईना.

"मी नाही शिकवलं," ते म्हणाले. "ते स्वतः शिकलंय. तुम्हाला एक विचारतो. घंटा वाजली, तुम्ही औषध दिलंत, माणूस बरा झाला. त्याला खरंच सेप्सिस होणार होता का?"

"होणारच होता. म्हणून तर घंटा वाजली."

"घंटा चुकूनही वाजू शकते. पण औषध दिलं की ते कायमचं झाकलं जातं. बरा झाला तो औषधाने, की मुळात काही होणारच नव्हतं? प्रत्येक घंटेमागे औषध जायला लागलं, की आपलं भाकीत खरं होतं का खोटं, हे यंत्राला कधीच कळत नाही. आणि जंतू काही एका जागी थांबत नाहीत. औषधांना सरावतात, नवी लक्षणं आणतात. प्रत्येक शहराचे जंतू वेगळे. दोन-तीन वर्षांत छाया आंधळी होईल आणि मग दोन्ही रुग्णालयांत, सगळ्या खाटांवर, चुकीच्या घंटा वाजतील किंवा वाजणारच नाहीत."

"मग?"

"मग छायेला शिकत राहायचं असेल, तर काही माणसं तिने घंटेविना शेवटपर्यंत पाहायला हवीत."

"पाहायला हवीत," मृणालने तेच शब्द पुन्हा उच्चारले.

"आम्ही त्याला एकच आज्ञा दिली होती. येत्या दहा वर्षांत एकूण मृत्यू कमीत कमी झाले पाहिजेत. त्याने हिशोब केला. आज थोड्या खाटा मुक्या ठेवल्या, तर उद्या कितीतरी जास्त लोक वाचतात. गणितात चूक नाही, मॅडम. मी तीनदा तपासलं."

"आणि मुक्या खाटा थोरल्यातच का? गरिबांच्या म्हणून?"

"त्याला गरीब-श्रीमंत कळत नाही. त्याला एवढंच कळतं की मौनाची किंमत कुठे कमी पडते. घंटा वाजूनही जिथे औषध इतकं उशिरा पोचतं, की घंटेचा फारसा उपयोग होत नाही, तिथे ती न वाजवल्याने नुकसान सर्वांत कमी. शहरात घंटेनंतर सगळ्यात जास्त वाट कुठे पाहावी लागते, ते त्याने बघितलं. त्या ठिकाणच्या काही खाटा मुक्या केल्या. दर थोड्या दिवसांनी तो हिशोब ते नव्याने करतं."

मृणालला मुजावर सिस्टरची चिठ्ठी आठवली. नातेवाईक चिठ्ठी घेऊन रस्ता ओलांडतोय, आणि त्याच्या त्या फेऱ्या कुणीतरी वरून मोजतंय.

"तुम्हाला हे आजच कळलं?"

होसमनींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शंका होती. पण विचारलं नाही."

"बंद करा ते."

"मूळ आज्ञा बदलायची तर शासनाची मंजुरी लागते. प्रस्ताव आजच पाठवतो. पण तुम्हीसुद्धा सरकारात आहात, तुम्हाला माहीत आहे किती दिवस लागतात. आणि खरं सांगू? मंजुरी मिळावी असं मला पूर्णपणे वाटतही नाही."

मृणाल उठली. त्यांच्या प्रामाणिकपणाचा तिला राग आला होता. खोटं बोलले असते तर तिला काम सोपं गेलं असतं.

---

त्याच दुपारी तिने दोन गोष्टी केल्या. पहिली गोष्ट म्हणजे दादाला हलवलं.

"काय झालं एवढं?" दादा विचारत राहिला. "इथे काय वाईट आहे? मुजावर सिस्टर बघतात की माझ्याकडे."

"दादा, या वेळी माझं ऐक. एकदाच ऐक." तिचा आवाज असा निघाला की त्याने चष्मा काढून डबीत ठेवला. त्रिशलावहिनींनी पिशव्या भरल्या.

नीलपर्णमध्ये तिने शहरातले सर्वांत नामांकित शल्यविशारद निवडले, डॉ. उदय नेर्लेकर. त्यांच्या खाटा मिळायला ओळख लागे, आणि मृणालने आयुष्यात पहिल्यांदा ओळख वापरली. नेर्लेकर सर तीन ठिकाणी ऑपरेशनं करत. त्यामुळे दादाला दाखल करून घेतलं ते त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरने, ऋग्वेद गाडगीळने. मुलगा हुशार आणि गोड होता. दादाने चहा मागितला तर म्हणाला, "काका, सरांना विचारून सांगतो." सलाईन हळू करायची का, तर सरांना विचारून. खिडकी उघडायची का, यावरही तो क्षणभर थांबला, तेव्हा वहिनींना हसू आलं. मृणालच्या मात्र डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. एवढा मोठा माणूस दादाकडे बघणार होता आणि त्याच्या परवानगीशिवाय इथलं पानही हलत नव्हतं. तिला ते शिस्तीचं वाटलं.

दुसरी गोष्ट करायला ती पुन्हा थोरल्या दवाखान्यात गेली आणि मुजावर सिस्टरना सगळं सांगितलं. मुक्या खाटा, हिशोब, चिठ्ठी. सिस्टर ऐकताना खुर्चीत बसल्या होत्या, हळूहळू उठून उभ्या राहिल्या.

"तुमच्या दादांना नेलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचं काय?"

मृणालला शरम वाटली. त्या वॉर्डात तेव्हा चाळीसेक माणसं होती, आणि प्रत्येक जण कुणाचा तरी दादा होता.

"औषधाला उशीर होतो, म्हणून ते गप्प बसतं," ती शेवटी म्हणाली. "उशीर संपवला तर गप्प बसणं त्याला परवडणार नाही. पहिला डोस कुलपातून बाहेर काढू या. प्रत्येक रांगेत एक गाडी, तिच्यावर औषध, सुई, सलाईन तयार. सही नंतर. चिठ्ठी बंद. भांडारपाल भांडायला आला तर माझ्याकडे पाठवा, मी लेखी जबाबदारी घेते. आणि घंटेची वाटही बघू नका. थंडी, धाप, बडबड, यातली दोन दिसली की द्या."

"डॉक्टरला विचारायचं न्हाई?"

"डॉक्टर वॉर्डातच असतात ना तुमचे? हाक मारा. पण सुई हातात धरून हाक मारा."

मुजावर सिस्टरना हे पसंत पडलं. दुसऱ्या दिवसापासून वॉर्डाची चालच बदलली. निवासी डॉक्टर पोरं आधी कुरकुरली, मग त्यांच्यात कोण लवकर सुई लावतो याची चढाओढ लागली. भांडारपाल खरंच भांडायला आला. मृणालने त्याला कोळींच्या खाटेपाशी उभं करून सगळी हकिकत सांगितली, तेव्हा तो गेला आणि दुसरी किल्ली आणून देऊन परत गेला.

आठवडा उलटला आणि थोरल्या दवाखान्यात घंटा वाजू लागल्या. पूर्वी मुक्या होत्या त्याही खाटांच्या. सेप्सिसने कुणी दगावलं नाही. मुजावर सिस्टरनी सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले, आणि मधुमेह्यांना वाटले नाहीत म्हणून मधुमेही रुसले.

---

होसमनी स्वतः थोरल्या दवाखान्यात आले, तेव्हा दुपार होती. वॉर्डातून फिरले, गाड्या बघितल्या, एका घंटेनंतर सुई लागताना उभं राहून पाहिलं. मग मृणालला व्हरांड्यात घेऊन गेले.

"कमाल केलीत," ते म्हणाले. "इथे आता एकही मुकी खाट नाही. मी सकाळीच पाहिलं."

"म्हणजे मंजुरी आली."

"मंजुरी? छे. प्रस्ताव अजून सचिवांच्या टेबलावरही गेलेला नाही."

मृणाल वळून त्यांच्याकडे बघू लागली. "मग मौन बंद कसं झालं?"

"बंद नाही झालं. इथलं संपलं." होसमनी अवघडले. "मॅडम, मला वाटलं तुमच्या लक्षात आलं असेल. यंत्राची गरज संपलेली नाही. या शहरातले जंतू त्याला याच शहरात शिकायला हवेत. घंटेनंतर जिथे सगळ्यात जास्त वाट पाहावी लागते, तिथे ते गप्प बसणार. आता ती जागा इथे नाही."

"शहरात दोनच रुग्णालयं जोडलेली आहेत."

"हो."

"नीलपर्णमध्ये कसली वाट पाहावी लागते? तिथे औषध खाटेपाशी आहे, नर्स धावत येतात, मी डोळ्यांनी बघितलंय." बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं. नर्स धावत आल्या होत्या. धावत येऊन त्या काय करणार होत्या? तरुण डॉक्टरला बोलावणार. तरुण डॉक्टर काय करणार? फोन लावणार.

"औषध असतं," होसमनी हळूच म्हणाले. "पण पहिला डोस कुणाच्या तरी होकाराशिवाय देत नाहीत. ज्यांचे रुग्ण, त्यांचा होकार. आतापर्यंत हे खपून गेलं, कारण घंटा अर्धा दिवस आधी वाजायची आणि तासाभराचा उशीर पचायचा. तुमच्या चिठ्ठीपुढे तो उशीर काहीच नव्हता. आता तुमची चिठ्ठी गेली."

"आणि नीलपर्णमध्येही सगळ्यांना सारखी वाट पाहावी लागत नाही."

"नाही. जो डॉक्टर जितका मोठा, तितका तो कमी हाती लागतो."

तिने ते पुढचं स्वतःच मनात पुरं केलं. तीन ठिकाणी ऑपरेशनं. फोन सहायकाकडे. सगळ्या शहरातून पारखून, ओळख लावून, तिने दादासाठी हाच माणूस निवडला होता. थोरल्या दवाखान्यातला उशीर तिने स्वतःच्या हाताने संपवला होता, आणि मौन पूल ओलांडून दादाच्या उशाशी जाऊन बसलं होतं. दादाच्या पायावर कालच दुसरं छोटं ऑपरेशन झालं होतं. आज सकाळी ती त्याला भेटायला गेलीही नव्हती, कारण इथे पेढे वाटायचे होते.

तिने वहिनींना फोन लावला.

"दादा कसा आहे?"

"बरा आहे की, ताई. सकाळपासून झोपतोय सारखा. थंडी वाजते म्हणाला, म्हणून दोन चादरी घातल्या. दमलाय, दुसरं काय." वहिनी जरा हसल्या. "मघाशी मला म्हणतोय, पेपर तपासायचेत, चष्मा आण. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी झोपेतसुद्धा शाळाच."

"श्वास कसा घेतोय?"

"जरा भरभर. पण मी विचारलं त्या डॉक्टर पोराला. तो म्हणाला, घंटा वाजली नाही, काळजी करू नका."

"त्याला फोन द्या. लगेच द्या."

ऋग्वेद गाडगीळचा आवाज आला, अदबशीर. "नमस्कार मॅडम."

"दादांना सेप्सिस होतोय. पहिला डोस आत्ता द्या. सलाईन जोरात सोडा."

"मॅडम, घंटा नाही वाजलेली. छाया व्यवस्थित दिसतेय स्क्रीनवर."

"ती खाट मुकी आहे. यंत्र तुम्हाला दाखवत नाहीये. मी सांगते ते ऐका, तुमच्या डोळ्यांना काय दिसतंय ते सांगा. थंडी, धाप, बडबड."

"दिसतंय, मॅडम. पण सरांचा पेशंट आहे. सर ऑपरेशनमध्ये आहेत. बाहेर आले की लगेच विचारतो."

"कधी बाहेर येतील?"

"ते मी सरांना कसं विचारणार, मॅडम?"

त्या पोरावर ओरडून उपयोग नव्हता. वेळ जाईल आणि तो घाबरून आणखी कुणाला तरी विचारायला जाईल. "वहिनींकडे फोन द्या," ती म्हणाली. आणि वहिनींना म्हणाली, "कुणालाही विचारू नका. सलाईन तेवढी नर्सकडून काढून घ्या. दादाला खुर्चीत बसवा, खाली आणा आणि मिळेल त्या रिक्षात घाला. थोरल्या दवाखान्यात या. मी दारातच उभी आहे."

"ताई, पण तूच तर त्याला तिथून—"

"हो. मीच. या लवकर."

---

रिक्षा आली तेव्हा दादाने मृणालला ओळखलं नाही. तो तिला कुणा मुख्याध्यापिकेसारखं 'बाई' म्हणाला आणि पेपर उद्या देतो असं कबूल केलं. तिला रडू फुटलं, आणि रडतच तिने स्ट्रेचरला हात लावला. मुजावर सिस्टरनी तो आत पोचेपर्यंतही वाट बघितली नाही. व्हरांड्यातच त्याचा दंड पकडून सुई लावली. एक नवी नर्स पट्टी घेऊन धावत आली.

"पट्टी नंतर," मुजावर सिस्टर म्हणाल्या. "पाय वर धर त्यांचे."

निवासी डॉक्टरने रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, औषध वाढवलं. तासाभराने तो म्हणाला की वेळेत आलेत, बहुधा निभावतील, पण आजचा दिवस जाऊ द्या. वहिनी खाटेच्या कडेला बसल्या होत्या. मृणाल दादाचा हात धरून त्याचे श्वास मोजत होती. ते अजून भरभर होते, पण मघापेक्षा कमी. या खाटेची घंटा वाजते का, याकडे तिचं लक्ष नव्हतं. समोर दिसत होतं तेवढ्यावर विश्वास ठेवायचा तिने ठरवलं होतं, आणि हे तिच्यासाठी नवीन होतं.

फोन वाजला. ऋग्वेद गाडगीळ होता.

"मॅडम, तुमचे पेशंट न सांगता गेले. सर फार रागावलेत. आता विचारायचं होतं, ती खाट दुसऱ्याला देऊ का? सरांच्या खाटेसाठी रांग आहे. एक बाई सकाळपासून बसल्यात, ऑपरेशन झालंय त्यांचं, तापही आहे."

मृणालने दादाचा हात अलगद खाली ठेवला आणि उभी राहिली.

"नका देऊ. ती खाट देऊ नका, आणि सरांच्या बाकी खाटांवरच्या घंटांवरही विसंबू नका. प्रत्येक रुग्णाला स्वतः जाऊन बघा. त्या बाईंना ताप, थंडी, धाप असेल तर आत्ता पहिला डोस द्या. मी परीक्षण विभागाची अधिकारी म्हणून सांगतेय. जबाबदारी माझी. कळलं?"

"कळलं, मॅडम," तो मनापासून म्हणाला. "सर आता बाहेर आलेतच. त्यांना विचारून लगेच सांगतो."